महिन्याचा कायदा, वर्षांची टाळाटाळ

युरोपात राहणाऱ्या कुणालाही, मग तो जन्माने जर्मन असो वा नोकरीसाठी आइंडहोवनला गेलेला पुणेकर, कंपनीकडे जमलेली आपली माहिती मागता येते, तीही फुकट. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने उत्तराची मुदतही बांधून दिली आहे: अर्ज पोचल्यापासून एक महिना. प्रकरण किचकट असेल, अर्ज फार असतील, तर आणखी दोन महिने. पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं, कारण सांगून.

ही मुदत अपुरी पडते, हा कांगावा मला साफ नामंजूर आहे. मी काय पाहिलं, कुठे रेंगाळलो, कोणत्या जाहिरातीवर बोट टेकवलं, हे ज्यांना क्षणात कळतं आणि त्यावर पैसाही करता येतो, त्यांना तेच मला दाखवायला महिना पुरत नाही? मी अर्ज केलेल्या एका कंपनीने मुदत संपत आल्यावर ओळखपत्र मागितलं. अर्ज मी तिच्याच खात्यात लॉगिन करून केला होता! ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच कायदा जादा पुरावा मागू देतो. ती शंका इतके दिवस कुठे झोपली होती? हा ठरवून केलेला वेळकाढूपणा आहे.

आणि कंपन्यांना हे धाडस होतं ते हा कायदा राबवणाऱ्या देशोदेशीच्या नियामकांमुळे. खासगीपणाच्या हक्कासाठी लढणारे ऑस्ट्रियन कार्यकर्ते मॅक्स श्रेम्स यांच्या नॉयब संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये याच हक्कावरून स्पॉटिफायविरुद्ध तक्रार केली. स्वीडनच्या नियामकाने ५ कोटी ८० लाख क्रोनरचा दंड ठोठावला जून २०२३ मध्ये, तोही त्याच्या दिरंगाईविरुद्ध संस्था कोर्टात गेल्यावर. ज्या हक्काची मुदत एक महिना, त्याच्या निवाड्याला चार वर्षांहून अधिक! जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकार हाती असलेल्या यंत्रणेला हे शोभत नाही. सीमापार तक्रारींच्या तपासाला मुदत घालण्यावर युरोपात सहमती झाली ती थेट २०२५ मध्ये, आणि ती मुदत आहे पंधरा महिने. मला ती मान्य नाही.

युरोपात राहणाऱ्यांनी गप्प बसू नये. अर्जाची तारीख लिहून ठेवा. महिना उलटूनही उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याच दिवशी नियामकाकडे तक्रार करा. त्यानेही तीन महिन्यांत काही कळवलं नाही, तर कलम ७८ नुसार त्याला कोर्टात खेचता येतं.