देणाऱ्याची दृष्टी

वाढदिवस जवळ आला, की मुलांच्या मनात इच्छांची गर्दी होते. कोणाला सायकल हवी असते, कोणाला रंगपेटी, तर कोणाला क्रिकेटची बॅट. अशी इच्छा धरण्यात गैर काहीच नाही. मुलांचे कौतुक पुरविण्यात वडीलधाऱ्यांनाही आनंद वाटतो. परंतु ज्याला केवळ घेणेच ठाऊक आहे, त्याला या आनंदाचा अर्धाच वाटा मिळतो. उरलेला अर्धा देणाऱ्याच्या पदरी असतो.

देण्यासाठी श्रीमंती लागते, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता, दुसऱ्याची गरज ओळखणारी दृष्टी अधिक लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे त्यांनी सातारा येथे चालविलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. मुलांच्या अन्नासाठी पैसा उरला नाही, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. परक्यांच्या मुलांची भूक त्यांनी आपल्याच लेकरांची मानली.

आपल्या काळातही अशी उदाहरणे आढळतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरांचा पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. ते शिक्षक परदेशांतील होते. पण त्यांच्याही शाळांत शिकणारी मुले होतीच.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, १९६२ पासून आपण शिक्षकदिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी गुरुजनांना भेट देण्यासाठी काही वर्गांत वर्गणी जमविली जाते. त्यामागील भावना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु वर्गणी देता न आल्यामुळे एखादा मुलगा त्या दिवशी शाळेतच येत नसेल, तर ती भेट कोणत्या शिक्षकास गोड वाटेल? ‘रक्कम तर थोडीच असते,’ असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची विवंचना आहे, त्याला ती थोडी वाटत नाही. म्हणून अशी वर्गणी मुळीच असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षकांना देण्याजोगे तुमच्यापाशी पुष्कळ आहे. स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे पत्र द्या. ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांना नवी वेष्टणे घाला. गणितात मागे पडलेल्या सोबत्यास रोज थोडा वेळ शिकवा. त्याला एखादे उदाहरण स्वतः सोडविता आले, म्हणजे त्याला भेट मिळेल आणि त्याच्या शिक्षकांनाही!