पंधरा वर्षांची जीप आणि पावसाळ्यातला पाडा

वाहनाचे वय मोजण्याची सरकारी रीत मोठी सोपी आहे. नोंदणीपुस्तकातील तारीख पाहावी, बोटांवर वर्षे मोजावीत आणि पंधरा भरली की ते वाहन म्हातारे झाले असे समजावे. ते पंधरा वर्षे शहरात रोज शंभर किलोमीटर धावले, की डहाणूच्या एखाद्या वाडीतल्या पडवीत उभे राहून आठवड्यातून दोनदाच जागे झाले, याचा या हिशेबाशी काही संबंध नसतो. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. खाजगी वाहनांना महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी नाही; तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी त्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येते. मात्र त्यासाठीचे शुल्क चारचाकी गाडीला पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाडीसाठी १०,००० रुपये करण्यात आले. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर २०१० पासून आहेच. म्हाताऱ्या गाडीला मरू द्यायचे नसेल तर मालकाने तिची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी, असा या धोरणाचा सरळ अर्थ आहे.

मुंबई-पुण्याच्या दृष्टीने या धोरणात गैर काही नाही. परंतु डहाणू आणि तलासरी हे तालुके मुंबईपासून रेल्वेने अवघ्या दोन-अडीच तासांवर असले, तरी त्यांच्या पूर्वभागातील वस्ती मुंबईच्या कोणत्याच हिशेबात बसणारी नाही. पश्चिमेस समुद्र, त्याला लागून चिकूच्या वाड्या, मग रेल्वेमार्ग, त्यापलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याच्या पूर्वेस डोंगरउतारांवर विखुरलेले वारल्यांचे पाडे, अशी या भूमीची रचना आहे. येथील गाव म्हणजे देशावरच्यासारखी एकवट वस्ती नव्हे. एका महसुली गावाचे दहा-बारा पाडे असतात, दोन पाड्यांमध्ये ओहोळ असतो आणि पाड्यातही घराघरांत हाकेचे अंतर असते. गावाला डांबरी रस्ता झाला असे सरकारदप्तरी लिहिले जाते, तेव्हा तो पहिल्या पाड्यापर्यंत झालेला असतो. उरलेल्या पाड्यांना आठ महिने पायवाट आणि चार महिने चिखल.

प्रस्तुत लेखकाकडे १९९१ सालची एक महिंद्र ५४० जीप आहे. ती घेतली तेव्हाच जुनी होती. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ असलेल्या या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असतात. एकाने पुढची चाके कामाला लावायची आणि दुसऱ्याने सगळी गती उतरवून माणसाच्या चालीवर आणायची. गती गेली की तिची जागा जोर घेतो. पावसात भिजलेल्या मुरमाच्या उतारावरून खाली येताना ब्रेकला पाय लावायचा नाही, इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची, हे पहिल्या पावसाळ्यात कुणीतरी शिकवावे लागते. ज्याला कुणी शिकवत नाही त्याला शेताचा बांध शिकवतो. ओहोळातून बाहेर पडल्यावर भिजलेले ब्रेक काही वेळ धरत नाहीत, म्हणून थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकवून घ्यायचे असतात. असल्या गोष्टी नव्या गाड्यांच्या माहितीपत्रकात नसतात.

या गाडीचे लाड मात्र फार करावे लागतात. खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्ला जातो आणि तो वरून रंगवलेला असल्यामुळे बोट आरपार जाईपर्यंत कळत नाही. दरवर्षी मे महिन्यात सांगाड्याला जळके ऑइल फासायचे, पाट्यांमध्ये ग्रीस भरायचे, बॅटरीची टोके घासायची हा नेम आहे. सुटे भाग डहाणूत मिळाले तर मिळाले, नाही तर एखाद्या भंगारवाल्याकडे मिळतात. पण बिघडली तर गावातला मिस्त्री ती हातोडी-पान्यांनी दुरुस्त करू शकतो. डिझेल पंप यांत्रिक, कुठेही संगणक नाही; बॅटरी उतरली तर चार माणसांनी उतारावर ढकलली की इंजिन चालू होते. नव्या चारचाकी-ओढीच्या गाड्या निःसंशय अधिक ताकदवान व सुखकर आहेत. मात्र त्यांचा एखादा संवेदक पाण्याने बिघडला, तर त्यांना उचलून न्यायला दुसरी गाडी शहरातून यावी लागते आणि ती दुसरी गाडी त्या पाड्यापर्यंत पोहोचत नाही.

या जीपचे कुळ युद्धातले. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलीज कंपनीने जी गाडी हजारोंनी बनवली, तिचेच सुटे भाग आणून स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत जुळणी सुरू केली. महायुद्ध संपत होते त्याच १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या सावकाराच्या दारी राबणाऱ्या लग्नगड्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलेला तो लढा मुख्यतः पायी झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, त्याही पाड्यापाड्यांतून पायीच हिंडल्या. पुढे सरकार या मुलखात शिरले ते बहुतांशी जीपमध्ये बसून. पाड्यावरच्या मुलांना जीप म्हणजे सरकार असे पुष्कळ वर्षे वाटत असे, आणि जीप दिसताच मोठी माणसे रानात का पळत, हे ज्याला समजत नाही त्याने जंगल खात्याचा जुना इतिहास वाचावा.

काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत संध्याकाळी तलासरीच्या पूर्वेकडून निरोप आला, की चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाला विषारी सर्प चावला आहे. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर येऊन उभी होती. ती सेवा २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, हे येथे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. पण मध्ये दोन ओहोळ. झोळी करून आणले असते तर रात्रीच्या चिखलातून दीड-दोन तास गेले असते. आम्ही जीप घेऊन गेलो. पहिल्या ओहोळात दोन तरुण हातात काठ्या घेऊन पुढे चालले. पाणी मांडीच्या वर आले की थांबायचे ठरले होते. दुसऱ्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत होते आणि तळाशी गोटे होते. एकदा थांबलो असतो तर पुन्हा निघालो नसतो. मुलगा मागच्या बाकावर आईच्या मांडीवर होता आणि तिने वाटेत एकच गोष्ट विचारली, की गाडीचे भाडे किती होईल. तो वाचला. अशा वेळी गाडी किती साली बनली हे कुणी विचारत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांचे सत्र सुरू झाले आणि लोक भर थंडीत घराबाहेर झोपू लागले, तेव्हाही ताडपत्र्या पाड्यावर नेण्यास अशाच दहा-पाच जुन्या गाड्या उपयोगी पडल्या. त्यांतील काही आता भंगारात गेल्या आहेत. त्याच सुमारास एका कचेरीत प्रस्तुत लेखकाच्या जीपचा सांगाड्यावरील क्रमांक गंजामुळे वाचता येईना, म्हणून तिसऱ्यांदा यावयास सांगण्यात आले होते. ब्रेक कुणी तपासले नाहीत. ते खरोखर वाईट अवस्थेत होते.

आता दुसरी बाजू. जुने डिझेल इंजिन धूर सोडते आणि त्याच्या धुराचे समर्थन करणे डहाणूच्या माणसाला तरी शोभणार नाही. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. त्या घोषणेला दात फुटले ते १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिची राखण केली. ज्या तालुक्याने औष्णिक वीजकेंद्राच्या धुराविरुद्ध न्यायालयात भांडण केले, त्याने आपल्या जीपच्या धुराकडे डोळेझाक करणे हा दुटप्पीपणा होईल. म्हणून धूर मोजावा, आणि जी गाडी मर्यादेबाहेर जाईल ती खुशाल बंद करावी. दिल्ली परिसरात हवा श्वास घेण्यापलीकडची झाली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांची वाट अडवली. तेथील परिस्थितीत त्यास कारण होते. तलासरीच्या पाड्यावर महिन्याला दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या जीपला तोच गज लावण्याचे कारण मात्र कुणी सांगितलेले नाही.

धुराहून अधिक काळजी करावी असा एक प्रकार अलीकडे या भागात वाढला आहे. त्याला ऑफ-रोडिंग असे नाव आहे. शनिवारी सकाळी महामार्गावरून मुंबई आणि सुरतेकडील नव्याकोऱ्या गाड्यांचे तांडे येतात. त्यांना पाड्यावर कुणाला भेटायचे नसते, काही पोहोचवायचेही नसते. जेथे रस्ता नाही तेथे गाडी घालावी एवढाच हेतू असतो. त्यातला थरार लेखकास अपरिचित नाही. निसरडा चढ पहिल्या प्रयत्नात पार झाला की कोणत्याही वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर पोरकट हसू येते, त्यास आम्हीही अपवाद नाही. परंतु ज्याला हे लोक ‘ट्रॅक’ म्हणतात ती बहुधा बायकांची पाण्याची वाट असते. रुंद चाकांनी ओल्या मुरमात पडलेली चाकोरी पुढच्या सरीला घळ बनते आणि एका पावसाळ्यात त्या वाटेचा ओढा होतो. पालापाचोळा जाळून केलेल्या राबावर भाताची रोपे उभी असतात, त्याच्या बांधावरून गाडी गेली तर त्या कुटुंबाचे साल गेले. नरपड-चिखल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत गाड्या गोल गोल फिरवणाऱ्यांविषयी काय बोलावे! पावसाळ्यात याच किनाऱ्यांवर जखमी समुद्री कासवे येऊन पडतात आणि वन विभाग व स्थानिक स्वयंसेवक त्यांना डहाणूत आणून बरे करतात, हे त्यांच्या गावीही नसते. या गाड्यांची कागदपत्रे मात्र निर्दोष असतात, कारण त्या नव्या आहेत.

वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. या दोन तालुक्यांतून मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग जातो, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्गही येथूनच काढलेला आहे. देशातील अत्यंत वेगवान वाहने ज्या भूमीवरून धावणार, तिच्यावर ओहोळाच्या दोन काठांना जोडणारी मोरी नसावी, ही तक्रार नवी नाही आणि जीप हे तिचे उत्तरही नव्हे. मोरी झाली तर जीप विकून टाकायला लेखक आनंदाने तयार आहे. पण ती होईपर्यंतच्या पावसाळ्यांचे काय?

येथे काही गोष्टी ताबडतोब करता येण्यासारख्या आहेत. निकामी ठरलेल्या सरकारी जीपांच्या जागी ज्या नव्या गाड्या आता कचेऱ्यांच्या दाराशी दिसतात, त्यांतील बहुतेकींना फक्त मागच्या चाकांची ओढ आहे. डोंगरी तालुक्यातील आरोग्य केंद्रांसाठी तरी चारही चाकांना ओढ असलेली गाडी हीच अट खरेदीच्या वेळी घालावी. खाजगी जुन्या जीपांची तपासणी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, डहाणू आणि तलासरी येथेच शिबिर भरवून करावी. ब्रेक, सुकाणू आणि धूर कसून तपासावा. ती गाडी तपासणीत उतरली आणि मालकाने पावसाळ्यात रुग्ण नेण्यासाठी ती उपलब्ध ठेवण्याचे ग्रामपंचायतीला लिहून दिले, तर नूतनीकरणाचे १०,००० रुपये तिला माफ करावेत. अशा गाड्या दोन्ही तालुक्यांत मिळून फार तर काही डझन निघतील. तेवढ्या रकमेने सरकारी तिजोरीस भोक पडणार नाही. त्यांची यादी, मालकाचा दूरध्वनी क्रमांक आणि कोणत्या पाड्यापर्यंत ती जाऊ शकते याची नोंद आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी. सध्या ही यादी फक्त मिस्त्रीच्या डोक्यात आहे, आणि मिस्त्री गणपतीत आठ दिवस गावी जातो.