गाडी ओढेनाशी झाली म्हणजे : आधी निदान, मग दुरुस्ती

शेतमाल पिकविणे हे शेतकऱ्याचे अर्धे काम होय. तो वेळेवर व सुस्थितीत बाजारात पोहोचविणे हे उरलेले अर्धे. आळंदीच्या परिसरातील मरकळ, सोळू, धानोरे, केळगाव, चऱ्होली या गावांतून चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात, मोशीच्या उपबाजारात अथवा पुण्याच्या गुलटेकडीवर माल जातो. तो नेणाऱ्या वाहनांत नव्या गाड्यांबरोबर काही फार जुन्या गाड्याही आहेत. ज्येष्ठ महिन्यात पालखीचे प्रस्थान झाले की यांतीलच एखादी गाडी दिंडीचे सामान घेऊन दिवे घाटही चढते. अशा गाडीची शक्ती घटली तर लिलावाची वेळ टळते, भाजी कोमेजते आणि भाडेही अंगावर पडते. म्हणून हा विषय केवळ मोटार-कारागिराचा नसून शेतकऱ्याचा व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडे मालवाहू गाडीस ‘टेम्पो’ म्हणतात. मुळात हे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या व त्यांतील मॅटाडोर तर इतकी रुळली की तशा बांधणीच्या कोणत्याही गाडीस खेड्यात मॅटाडोरच म्हणू लागले. २००५ मध्ये कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोरचे उत्पादन केव्हाच थांबले; तथापि डेमलर-बेंझच्या परवान्याने येथे तयार झालेले ओएम ६१६ हे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन ज्यांत आहे अशा जुन्या गाड्या अजून क्वचित कोठे कामावर दिसतात. या इंजिनात विजेच्या मेंदूचा कारभार नाही. पंप, नोझल, झडपा, साखळी ही सारी यंत्रे डोळ्यांनी पाहता येतात व हातांनी तपासता येतात. हा जुन्या गाडीचा मोठाच गुण आहे. परंतु आपण त्याचा लाभ घेत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

चूक कोठे होते

गाडी ओढत नाही अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिला हात पंपाला लागतो. पंप काढून दुरुस्तीस पाठविला जातो. त्याने गुण आला नाही तर नोझल बदलतात आणि तरीही न भागल्यास इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो. म्हणजे सर्वांत महागड्या शंकेपासून आरंभ करून स्वस्त शंकेकडे कोणी वळतच नाही. कांद्याची पात पिवळी पडली की न पाहता युरिया टाकणारा शेतकरी असेच करतो. पात पिवळी पडण्यास नत्राची उणीव कारण असेल, साचलेले पाणी असेल, फुलकिडे असतील किंवा करपाही असेल. साचलेल्या पाण्यावर युरिया हा उपाय नव्हे. शेतात आपण हे शिकविले आणि पुष्कळांनी ते मानले. तीच शिस्त गाडीलाही लावावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आळंदीजवळच्या एका गावातील गटाच्या गाडीचे उदाहरण यापुढे पुष्कळांच्या उपयोगी पडावे. चढावर गाडी धापा टाकू लागली म्हणून पंप दोनदा दुरुस्त करून घेण्यात आला. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले व मग पूर्वीसारखेच झाले. अखेर टाकीचे झाकण सैल करून गाडी चढावर नेली, तेव्हा ती सरळ चढली. झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले होते. टाकीतील डिझेल कमी होऊ लागले की आत पोकळी निर्माण होई आणि डिझेल पुढे येईनासे होई. दुरुस्तीनंतर चार दिवस गाडी बरी चाले, याचे कारण प्रत्येक वेळी झाकण उघडून टाकी भरली जात असे. एका टाचणीने जे काम झाले त्यासाठी दोन वेळा पंपाचा खर्च झाला होता.

इंजिनाच्या चार गरजा

रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हापासून त्याचे तत्त्व बदललेले नाही. हवा जोराने दाबली म्हणजे ती अतिशय तापते आणि त्या तप्त हवेत सोडलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. ओएम ६१६ मध्ये हवा मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. यावरून इंजिनाच्या गरजा चारच ठरतात : पुरेशी हवा, स्वच्छ व मोजके डिझेल, ते सोडण्याची योग्य वेळ, आणि हवेस पुरेसा दाब म्हणजे कॉम्प्रेशन. शक्ती घटली तर या चारांपैकी कशात तरी उणीव आहे. तपासणी याच क्रमाने करावी. कारण पहिल्या दोहोंचा तपास जवळजवळ फुकट होतो आणि शेवटच्याचा खर्चिक असतो.

परंतु त्याही आधी दोष इंजिनाचाच आहे काय, हे ठरविले पाहिजे. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा ब्रेक घासत असेल तर निर्दोष इंजिनही गाडी ओढणार नाही. फारसा ब्रेक न लावता काही अंतर जाऊन चारही चाकांच्या ड्रमजवळ हात धरून पाहावा. एखादा इतरांहून तापलेला आढळल्यास दोष तेथे आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. आणि गाडीत तिच्या नोंदणी पुस्तकात लिहिल्याहून अधिक पोती भरली असतील, तर रोग गाडीचा नव्हे, मालकाचा आहे.

धूर काय सांगतो

धूर ही इंजिनाची नाडी आहे. भार घेताना काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते किंवा नोझल डिझेलचा फवारा न करता ते थेंबाथेंबाने गाळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला तर चिंता नाही. परंतु इंजिन तापल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते, म्हणजे वेळ चुकली आहे किंवा दाब कमी आहे. रेडिएटरमधील पाणीही वरचेवर कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. चौथी अवस्था पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : धूर नाही आणि शक्तीही नाही. याचा अर्थ इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. अशा वेळी इंजिन उघडण्याची भाषा करणाऱ्यास थांबविणे अगत्याचे आहे.

तपासणीचा क्रम

प्रथम हवा. मरकळ व चाकण रस्त्यांवर बांधकामाची व अवजड वाहनांची धूळ वर्षभर असते, म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीची वाट न पाहता एअर फिल्टर वरचेवर पाहावा. तेलाचा फिल्टर असल्यास खालच्या भांड्यातील गाळ काढून तेल बदलावे. सायलेन्सर काजळीने कोंदला नाही ना, हेही पाहावे. मग एकाने पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने पुढचा दांडा शेवटच्या थांब्यापर्यंत जातो की नाही ते पाहावे. सांधे झिजल्याने किंवा पायाखालची चटई अडल्याने पेडल पुरते दबत नाही आणि दोष पंपाच्या माथी येतो.

दुसरे डिझेल. टाकीचे झाकण, टाकीतील जाळी, फिल्टर व फीड पंप या क्रमाने जावे. फिल्टरच्या तळाचे पाणी काढून काचेच्या बाटलीत पाहावे. पावसाळ्यात हे विशेष आवश्यक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत बारीक चीर असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही. कारण तेथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्या मार्गात हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसविली की बुडबुडे दिसतात. नळी व क्लिप यांना पंपाच्या मानाने किंमत ती काय!

तिसरे नोझल व वेळ. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून जाणता कारागीर एकेका नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल करतो. इंजिनाची चाल पडली तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच. हे काम नवशिक्याने करू नये. दाबाखालचे डिझेल त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे, अन्यथा बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. या इंजिनातील टायमिंगची साखळी वर्षानुवर्षांच्या चालीने लांबते व त्यामुळे झडपांची आणि पंपाची दोन्हींची वेळ मागे पडते, हेही ध्यानी घ्यावे.

चौथा दाब. येथेही आधी टॅपेट पाहावेत. झडप तिच्या बैठकीत झिजून रुतत गेली की टॅपेटमधील फट वाढत नाही, उलट कमी होते. फट कमी झाली की आवाज बंद होतो. मालक समजतो, इंजिन शांत झाले. वास्तविक झडप पुरती मिटत नाही आणि दाब निसटतो. म्हणून टॅपेट वाजत नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये. पुस्तिकेतील मापाप्रमाणे फट लावून घ्यावी. त्यानंतर मंद चालीवर ऑइल भरण्याचे झाकण सावकाश उघडून पाहावे. तेथून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर रिंग व लायनर झिजले आहेत असे समजून मापकाने चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन उघडण्याचा विचार या पायरीनंतर यावा, आधी नव्हे.

एक घातक उपाय

शक्ती कमी वाटली की पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. चार दिवस गाडी जोरात पळते आणि मालक खूश होतो. परंतु हवा तेवढीच असताना डिझेल वाढविले तर जादा डिझेलचा धूर होतो. इंजिन अधिक तापते, पिस्टन व झडपांचे आयुष्य घटते, मूळ दोष मात्र झाकला जातो. शिवाय बीएस ४ पूर्वीच्या डिझेल गाडीस धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे; काळा धूर ओकणारी गाडी प्रदूषण तपासणीत टिकणार नाही. आठ वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनास दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेथेही ती अडेल. आणि तो धूर आपल्याच गावच्या रस्त्यावरील मुलांच्या छातीत जातो, हे कायद्याहून मोठे कारण आहे.

दोन आक्षेप

अनुभवी कारागीर आवाजावरून रोग ओळखतो, मग इतका खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. अशा कारागिराबद्दल आदरच आहे. पण आवाज ऐकून जो तर्क होतो तो पडताळून पाहण्यास अर्धा तास पुरतो. न पडताळल्यास महिन्याची मिळकत जाते. दुसरा आक्षेप असा की, इतक्या जुन्या गाडीवर श्रम घेण्यापेक्षा ती मोडीत काढावी. काही गाड्यांबाबत हे खरेही आहे. चारही सिलिंडरांचा दाब गेला असेल आणि सांगाडाही गंजला असेल तर ममतेपोटी पैसा ओतू नये. परंतु हा निर्णयदेखील निदानावरच उभा राहिला पाहिजे. नळीच्या चिरेसाठी गाडी मोडीत घालणे आणि मोडीच्या गाडीस नवा पंप बसविणे, ही दोन्ही अविचाराचीच रूपे आहेत.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील सोसायटी, शेतकरी गट व वाहनमालक यांना तीन गोष्टींची सवय लावावी. पहिली, गाडीत एक वही ठेवावी व तीत तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, वाहिलेला माल आणि बदललेला प्रत्येक भाग लिहावा. टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचा हिशेब ठेवला की शक्ती घटण्यापूर्वीच डिझेलचा वाढता खर्च इशारा देतो. दुसरी, तक्रार नेमक्या शब्दांत सांगावी : दोष एकाएकी आला की हळूहळू, थंड असता की तापल्यावर, सपाटीवर की चढावर, आणि त्याआधी काय बदलले होते. तिसरी, कोणताही भाग बदलण्यापूर्वी त्याचे कारण बिलावर लिहून मागावे आणि जुना भाग परत घ्यावा. प्रामाणिक कारागिरास याचे वाईट वाटणार नाही.

हाच क्रम विहिरीवरच्या डिझेल इंजिनास व पॉवर टिलरलाही लागू पडतो. हवा, डिझेल, वेळ आणि दाब या चारांवाचून तेही चालत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस ६ गाड्यांचे दोष वाचण्यास संगणकाचे यंत्र लागते. तेथेही ते यंत्र केवळ लक्षण सांगते, कारण माणसानेच शोधावयाचे असते. आगामी हंगामात कांदा भरण्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने एक दिवस काढून वरील क्रमाने आपली गाडी तपासून घ्यावी व वहीचे पहिले पान त्याच दिवशी भरावे, अशी शिफारस आहे.