बारा गावचे पाणी आणि ‘उसना’ खेळाडू

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर परदेशी फुटबॉलची बातमी येते तेव्हा ‘लोन’ या व्यवहाराचे भाषांतर अनेकदा ‘उसनवारी’ असे केले जाते. अमुक क्लबने तमुक खेळाडू एका हंगामासाठी उसना घेतला. वाचक हे वाक्य वाचून पुढे जातो. आम्हाला मात्र तिथे थांबावेसे वाटते, कारण हे भाषांतर चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवी नाही. ती व्यवहार करणाऱ्या मालकांना नजरेआड करते आणि व्यवहाराचा डाग खेळाडूच्या कपाळी लावते.

‘परभणीत बसून इटलीच्या फुटबॉलची उठाठेव कशाला?’ असा प्रश्न कोणी करील. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने सांगणाऱ्या गावाला निदान हा प्रश्न शोभत नाही. शिवाय प्रश्न फुटबॉलइतकाच मराठी भाषेचाही आहे, आणि तो भाषा शिकवणाऱ्यांनी टाळू नये.

‘उसने’ या शब्दाचे आपल्या व्यवहारातले घर कोणते? ऐन वेळी साखर संपली की शेजारून वाटीभर उसनी आणायची आणि बाजार झाला की तेवढीच वाटी भरून परत करायची. हातउसने पैसे असतील तर त्यांना व्याज नसते आणि कागदही नसतो. या शब्दात दोन गोष्टी गृहीत आहेत. देणारा व घेणारा बरोबरीचे असतात, आणि घेतले तेवढेच परत जाते. फुटबॉलमधल्या ‘लोन’मध्ये या दोन्हींपैकी एकही बहुधा आढळत नाही. मोठा क्लब धाकट्या क्लबाला खेळाडू देतो, त्यासाठी पुष्कळदा शुल्क घेतो, पगाराचा वाटा कोणी उचलायचा याचे करार होतात, कधी पुढील खरेदीची किंमतही आधीच ठरते. आणि बाविसाव्या वर्षी गेलेला खेळाडू तेविसाव्या वर्षी परततो. ते वर्ष कोणी कोणाला परत करत नाही. ज्या व्यवसायात उमेदीची वर्षे जेमतेम पंधरा असतात, तिथे हा तपशील किरकोळ नव्हे.

याहून घातक आहे ती या शब्दाची दुसरी छटा. ‘उसने अवसान’, ‘उसने हसू’ असे आपण म्हणतो तेव्हा जे आपले नाही, आतून आलेले नाही, बाहेरून आणून चेहऱ्यावर चिकटवले आहे, ते आपल्याला अभिप्रेत असते. हाच शब्द माणसाला लावला की त्याची निष्ठा उसनी ठरते, त्याचा घाम उसना ठरतो. वास्तविक व्यवहार दोन क्लबांचा. विशेषण मात्र चिकटते तिसऱ्यालाच.

उदाहरण घेऊ. मार्को बोरिएल्लो हा १९८२ साली नेपल्समध्ये जन्मलेला आघाडीचा खेळाडू. मिलानच्या युवा संघातून तो पुढे आला. आरंभी खालच्या श्रेणीत त्रिएस्तिना आणि त्रेव्हिसो, मग २००२-०३ मध्ये एम्पोली, पुढे रेजिना, सांपदोरिया, पुन्हा त्रेव्हिसो. या काळात कागदावर तो मिलानचा आणि मैदानावर दुसऱ्या कोणाचा तरी होता. २००७ साली मिलानने त्याचे अर्धे हक्क जेनोआला विकले. इटलीत तेव्हा ‘सहमालकी’ची पद्धत होती. एका खेळाडूचे हक्क दोन क्लबांत निम्मे-निम्मे असत, आणि मुदत संपताना एकमत झाले नाही तर दोघांनी बंद लिफाफ्यात बोली लावायची. ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. जेनोआच्या त्या एका हंगामात बोरिएल्लोने लीगमध्ये १९ गोल केले आणि २००८च्या युरो स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघात स्थान मिळवले. मिलानने लगेच तो अर्धा हिस्सा वाढीव किमतीला परत घेतला. भाव वाढवला त्याच्या पायांनी. वाढलेल्या भावाचा हिशेब झाला दोन कचेऱ्यांमध्ये.

पुढे तो रोमाकडे गेला. रोमाने त्याला २०१२च्या पूर्वार्धात युव्हेंटसकडे पाठवले, नंतर पुन्हा जेनोआकडे, २०१४ मध्ये काही महिने लंडनच्या वेस्ट हॅमकडे. युव्हेंटस त्या हंगामात एकही लीग सामना न हरता विजेते झाले. चेझेनाविरुद्धचा अटीतटीचा सामना बोरिएल्लोच्या एकमेव गोलाने जिंकला गेला. हंगाम संपला आणि तो परत गेला. त्यानंतर कार्पी, अटलांटा, काल्यारी, स्पाल. २०१७ साली स्पालकडून गोल झाला तेव्हा इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे सेरी आमध्ये, बारा वेगवेगळ्या क्लबांसाठी गोल करणारा खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली.

बारा क्लब. मराठीत अशा माणसाला काय म्हणतात? बारा गावचे पाणी प्यालेला. या वाक्प्रचारात थोडा मिश्कीलपणा आहे, बिलंदरपणाचा संशयही आहे. पण त्यात तुच्छता नाही. प्रत्येक गावचे पाणी पचवून हा टिकला, याची कबुली त्यात आहे. दरवर्षी नवा प्रशिक्षक, नवी रचना, नवे सहकारी, आणि गोल मात्र पहिल्याच महिन्यात हवेत: हे ज्याने बारा ठिकाणी केले त्याच्यासाठी भाषेत इतका नेमका वाक्प्रचार हाताशी असताना आपण ‘उसना’ हा शब्द का उचलतो?

याचे कारण आमच्या मते आपल्या निष्ठेच्या कल्पनेत आहे. फ्रान्चेस्को टोट्टी १९९३ पासून २०१७ पर्यंत केवळ रोमाकडून खेळला. पाओलो मालदिनी १९८५ पासून २००९ पर्यंत केवळ मिलानकडून. त्यांच्या एकनिष्ठेवर भरभरून लिहिले जाते आणि त्यांच्या खेळाविषयी आम्हालाही आदरच आहे. पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. एकनिष्ठ राहण्यासाठी क्लबाने आधी तुम्हाला ठेवून घ्यावे लागते की नाही? मालदिनीचे वडील चेझारे हे मिलानचे माजी कर्णधार होते. त्याच मिलानच्या युवा संघातून आलेला बोरिएल्लो काही हंगाम मालदिनीचा सहकारी होता. एकाला क्लबाने चोवीस वर्षे ठेवले, दुसऱ्याला पुनःपुन्हा बाहेर धाडले. यातल्या पहिल्याचे स्थैर्य हा त्याचा सद्गुण आणि दुसऱ्याची वणवण हा त्याचा दोष, असे मानणारी समीक्षा मालकाच्या नोंदवहीलाच चारित्र्याचा दाखला समजते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. अशा पाठवणीतूनच खेळाडू घडतो, असे म्हटले जाते, आणि आंद्रेआ पिर्लोचा दाखला दिला जातो. इंटरने त्याला रेजिनाकडे आणि २००१ मध्ये ब्रेशियाकडे पाठवले. ब्रेशियात प्रशिक्षक कार्लो मात्झोने यांनी त्याला मागे ओढून मधल्या फळीच्या तळाशी उभे केले. पुढे मिलानमध्ये त्याच जागेवरून तो मोठा झाला आणि २००६ मध्ये विश्वविजेता ठरला. दाखला खरा आहे, पण तो नेमके काय सिद्ध करतो? पिर्लोची जागा ओळखली ती धाकट्या क्लबाच्या प्रशिक्षकाने. ज्या इंटरच्या मालकीचा तो होता, त्यांनी त्याच वर्षी त्याला मिलानला विकून टाकले. श्रेय द्यायचे तर मात्झोनेंना आणि पिर्लोला द्यावे, पद्धतीला कशाला?

घरचे उदाहरणही याच दिशेचे आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पहिले तीन हंगाम ती वर्षाअखेरीच्या मोजक्या महिन्यांत उरकत असे आणि आय-लीग त्यानंतर भरे. त्यामुळे आय-लीगच्या क्लबांचे खेळाडू तेवढ्यापुरते सुपर लीगच्या संघांकडे जात आणि परत येत. मुंबईचा बचावपटू राहुल भेके याने २०१५ व २०१६ या दोन वर्षांत ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटी अशा तीन संघांचे कपडे घातले. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतल्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध जादा वेळेत त्याने डोक्याने केलेल्या गोलावर बंगळुरूने सुपर लीग जिंकली. आणि पुणे सिटी? तो क्लब त्याच वर्षी बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. खेळाडू क्लबाला धरून राहत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी, क्लबच गावाला धरून राहत नाहीत याचाही विचार करावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाडूच्या लेखी संमतीखेरीज ही पाठवणी होत नाही, त्याचा पगार चालू राहतो, आणि बोरिएल्लोसारखा माणूस काही दरिद्री नव्हे. हे सर्व खरे आहे. तेव्हा त्याला ऊसतोड मजुराच्या किंवा सालगड्याच्या रांगेत बसवून अश्रू ढाळण्याचा आमचा विचार नाही. तसे करणे हा त्या मजुरांचाच अपमान ठरेल. पण ‘जा, नाहीतर इथे बाकावर बसून रहा’ एवढाच पर्याय समोर असताना मिळालेल्या संमतीला किती वजन द्यायचे, हा प्रश्न पगाराच्या आकड्याने मिटत नाही. खुद्द व्यवस्थेलाही तो मिटलेला वाटला नाही. इटलीच्या महासंघाने २०१४ मध्ये सहमालकीची पद्धत रद्द केली. फिफाने १ जुलै २०२२ पासून नवे नियम आणले: पाठवणी जास्तीत जास्त एका वर्षाची, ज्याला पाठवले त्याला तिथून तिसरीकडे धाडायचे नाही, आणि एका क्लबाने आंतरराष्ट्रीय पातळीवर बाहेर पाठवायच्या खेळाडूंची संख्या आठवरून टप्प्याटप्प्याने सहावर आणायची, एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबाने स्वतः घडवलेले खेळाडू तेवढे या संख्येतून वगळले. सारे काही उसनवारीइतके निर्मळ असते तर एवढी बंधने कशासाठी लागली?

आता आमच्याच दारात या. मराठवाड्यातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची संख्या थोडी नाही. सेट-नेट झालेले, काही पीएच.डी. झालेले हे शिक्षक सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात वर्ग घेतात. पुढच्या वर्षी ते त्याच वर्गासमोर असतील याची खात्री नसते. त्यांची आणि इटालियन खेळाडूची बरोबरी होऊ शकत नाही. त्याच्या मागे एक करार उभा असतो; यांच्या मागे परतण्यासाठी कोणी मालकही नसतो. पण भाषेची सवय तीच आहे. ‘ते आपले नव्हेत, तासिकेवरचे आहेत’ हे वाक्य कायमस्वरूपी प्राध्यापकांच्या तोंडून सहज निघते. नेमणुकीचा प्रकार हा माणसाचा प्रकार होऊन बसतो. मग वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना व्याकरण आणि काव्यशास्त्र शिकवूनही विभागाच्या इतिहासात, गौरवग्रंथात, निरोपसमारंभात त्यांचे नाव येत नाही. निरोप तरी कसा द्यायचा? ते ‘आले’ अशी नोंदच कुठे झालेली असते?

साहित्याच्या अभ्यासकांना हे विशेष लागू आहे, कारण कोणाचे आयुष्य चरित्र म्हणून वाचायचे हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. आपल्या चरित्रग्रंथांना एक गाव, एक संस्था, एक ध्येय आणि चढती कमान आवडते. ज्याच्या आयुष्याला दर जूनमध्ये नवा पत्ता मिळतो, त्याच्याकडे ‘सांगण्यासारखे’ काही नाही असे आपण आधीच ठरवून टाकतो. बारा क्लबांत गोल करणे हे एका क्लबात अडीचशे गोल करण्याहून कमी की जास्त, हा वाद खुशाल घालावा. पण ती एक अखंड कारकीर्द आहे, बारा तुकडे नव्हेत, एवढे आधी मान्य करावे लागेल.

म्हणून क्रीडापानाच्या उपसंपादकांना आमची सूचना आहे की ‘उसना’ हा शब्द त्यांनी साखरेसाठी राखून ठेवावा. क्लबाने खेळाडू हंगामापुरता दुसऱ्याकडे पाठवला असेल तर ‘पाठवला’ असेच लिहावे. पैसे घेऊन पाठवला असेल तर ‘भाड्याने दिला’ असे लिहावे. अशा वाक्यात कर्ता क्लब असतो आणि क्रियापदाची जबाबदारी त्याच्यावर पडते. खेळाडूसाठी वेगळ्या विशेषणाची गरजच उरत नाही. विभागातल्या सहकाऱ्यांनीही आपल्या बोलण्यातले कर्ते आणि विशेषणे एकदा तपासून पाहावीत.