वस्तीच्या मधून जाणारी रेघ

महानगरपालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये उरकल्या. जिंकलेल्यांचा गुलाल वाळला आणि आपला कार्यकर्ता मोकळा झाला. प्रभाग रचनेवर आता कशाला बोलायचे, असे तो विचारील. आताच बोलायचे. प्रारूप जाहीर झाल्यावर झेरॉक्सच्या दुकानासमोर धावपळ करणाऱ्या समाजाच्या हाती काही लागत नाही, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसले.

मुंबई-पुण्याचे प्रारूप त्या वर्षी २२ ऑगस्टला आले. हरकती व सूचनांची मुदत ४ सप्टेंबरपर्यंत. म्हणजे चौदा दिवस, त्यातले नऊ गणेशोत्सवाचे! प्रशासनाने जूनपासून बंद दाराआड आखलेला नकाशा रोजंदारीवरच्या माणसाने एवढ्या दिवसांत वाचायचा, सीमा ओळखायच्या, लेखी हरकत द्यायची आणि कामाचा खाडा करून सुनावणीला उभे राहायचे. पुण्यात हजारो हरकती आल्या. एकेकाच्या वाट्याला किती मिनिटे आली असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या रेघेचे मोल आकड्यांत पाहू. पुण्यात १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग. चार सदस्यांच्या प्रभागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सरासरी ८४ हजार लोक. समजा, आपली आठ हजारांची वस्ती आहे. एक सदस्याचा प्रभाग असता तर लोकसंख्या सुमारे २१ हजार, आणि वस्तीचे वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. उमेदवाराला तिच्या दारात यावेच लागले असते. ८४ हजारांत तीच वस्ती दहावा हिस्साही भरत नाही. त्यात रेघ वस्तीतल्या नाल्यावरून नेली की दोन्हीकडे पाच टक्केसुद्धा नाहीत. मग नळाच्या तक्रारीसाठी दोन प्रभागांतल्या आठ नगरसेवकांचे उंबरे झिजवा. आठांपैकी तुमच्या मतांवर कोणाचेच अडत नाही.

दुसरा मार सहसा लक्षात येत नाही. अनुसूचित जातींना जागा किती, हे शहराच्या लोकसंख्येवरून ठरते. पण त्या कोणत्या प्रभागात, हे प्रभागातील आपल्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरते. वस्ती तुटली की प्रभाग यादीत खाली घसरतो आणि राखीव जागा दुसरीकडे जाते. एकूण संख्या तीच राहते, म्हणून ओरड होत नाही.

अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, असे आदेशात लिहिलेले असते. ‘शक्यतो’ या शब्दाची किंमत वकिली करणाऱ्याला ठाऊक असते. त्याच आदेशात नाले, मोठे रस्ते, रेल्वेमार्ग या सीमा धराव्यात असेही असते. आणि आपल्या किती वस्त्या नाल्याकाठी, रुळाकाठीच वसल्या आहेत! वस्ती तोडायला नियमच हाताशी.

प्रभाग किती सदस्यांचा, हे तर कधी तत्त्वाने ठरलेच नाही. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग तीनचा निर्णय, पुन्हा चार. मुंबईत २०२१ मध्ये २२७ चे २३६ केले, २०२२ मध्ये सरकार बदलताच परत २२७. मार्च २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून प्रभाग रचनेचा अधिकारच राज्य सरकारने आपल्याकडे घेतला. ते सरकार गेले, दुसरे आले. अधिकार मात्र कोणी परत केला नाही.

कोणी म्हणेल, बहुसदस्यीय मतदारसंघ बाबासाहेबांनाही हवे होते. हवे होते, पण अर्धेच सांगू नका. भाषावार राज्यांवरील १९५५ च्या पुस्तकात त्यांनी त्यासोबत आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा मागितली होती. तशी पद्धत मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये होती. अल्पसंख्य समाजाला तिच्या बळावर आपला माणूस आपल्या मतांनी निवडता येतो. आजच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांना चार वेगळी मते. ती एकवटता येत नाहीत. चिन्ह बघून चार बटणे दाबली जातात. राखीव जागेवरचा आपला माणूस पॅनेलच्या मतांवर निवडून येतो आणि पॅनेलच्या मालकाचे ऐकतो. पुणे करारानंतर हे आपल्याला नवे नाही.

न्यायालयाचे दार अगदीच बंद नाही. सीमांकनाच्या वादात घटनेने न्यायालयांना आडकाठी घातली असली, तरी गुजरातच्या बारडोली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले की, उघड मनमानी असेल तर असा आदेशही तपासता येतो. पण मनमानी सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून प्रत्येक हरकतीवर कारणांसह लेखी निर्णय मिळाला पाहिजे. प्रगणक गटांचे नकाशे आणि लोकसंख्या वस्तीत लावली पाहिजे. सुनावणी वस्तीतच, संध्याकाळी, माणसे कामावरून आल्यावर झाली पाहिजे. आणि रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत गेला पाहिजे.

येणारी जनगणना २०२७ ची आहे. पुढच्या प्रभागांच्या विटा म्हणजे तिचे प्रगणक गट. धर्म बौद्ध लिहा, ठणकावून लिहा. पण यादीतली जात नोंदवली नाही, तर १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळालेला हक्क असूनही अनुसूचित जातींच्या आकड्यात तुम्ही धरले जाणार नाही. जात लिहायला हात धजत नाही, हे मला कळते. घरातही यावर वाद होतात. तरीही राखीव जागा त्या आकड्यावरच मोजल्या जातात. प्रगणक दारात येईल तेव्हा त्याचा गट कोणत्या गल्लीपासून कोणत्या गल्लीपर्यंत आहे हे विचारा, आणि विहाराच्या वहीत लिहून ठेवा.