यंत्रगुरूची शाबासकी

परभाषा शिकणाऱ्या मुलाची चूक केव्हा आणि कशी दाखवावी, हा शिक्षकांपुढील जुनाच प्रश्न. शिक्षकाच्या जागी यंत्रमानव उभा करण्याचे प्रयोग होऊ लागल्याने त्याला आता नवे महत्त्व आले आहे.

रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी १९९७ साली कॅनडातील माँट्रियल परिसरात फ्रेंचमधून शिकविल्या जाणाऱ्या वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. विद्यार्थी चुकला की शिक्षक बहुधा शुद्ध रूप स्वतःच उच्चारून पुढे जात. अशा प्रसंगांपैकी अवघ्या १८ टक्के वेळा विद्यार्थ्यांनी चूक सुधारली. 'ल मेझाँ' म्हणणाऱ्या मुलास 'हो, ला मेझाँ' असे उत्तर मिळाले, तर त्याला ऐकू येतो तो होकार. लिंगाची चूक तशीच राहते. उलट, शिक्षकाने अचूक रूप विद्यार्थ्याच्याच तोंडून काढून घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा हे प्रमाण ४६ टक्क्यांवर गेले.

यंत्रमानवाला हे साधते काय? नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या १९४ मुलांवर झालेल्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले नवे शब्द शिकली. परंतु यंत्रमानवासह शिकलेली मुले केवळ टॅब्लेटवर शिकलेल्यांच्या पुढे गेली नाहीत. मुलांचे बोलणे यंत्राला भरवशाने ओळखता येत नव्हते. त्यामुळे त्याची शाबासकी मुख्यतः पडद्यावरील बोटाच्या स्पर्शावर अवलंबून होती. जीभ चुकली की नाही, हे त्याला कळत नव्हते.

तंत्रज्ञान त्यानंतर पुढे गेले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. यंत्र थकत नाही, रागावत नाही. चारचौघांत चुकण्याची लाज वाटणाऱ्या मुलास त्याचा आधारही वाटेल. उजळणीसाठी त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु चूक ऐकू येणे वेगळे आणि तिचे काय करावे हे ठरविणे वेगळे. हे मूल अज्ञानाने चुकले की घाईने, त्याला आता टोकावे की बोलू द्यावे, हा निर्णय त्या मुलास ओळखणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो.

म्हणूनच शिक्षकांची पदे रिकामी ठेवून यंत्रांची खरेदी करणे हा शहाणपणा नव्हे. 'बरोबर' आणि 'चूक' एवढे सांगणारा परीक्षक होतो; मुलाला स्वतःच्या चुकीपर्यंत नेऊन परत आणतो, तोच शिक्षक.