पाचारणाला निवृत्ती नाही

दरवर्षी ऑक्टोबरात मिशन रविवार येतो. मिस्साबलिदानात दूरदेशीच्या मिशनरींसाठी प्रार्थना होते, पाकिटे वाटली जातात आणि ती भरून परत येतात. पाकीट दिले की मिशनकार्यातला आपला वाटा संपला, असे आम्ही समजतो. शिरूर-दौंड परिसरातील आम्ही निवृत्त मंडळी तर याहून पुढे गेलो आहोत. रेल्वेतून, शाळेतून, कारखान्यातून जसे मोकळे झालो, तसे ख्रिस्तसभेच्या कामातूनही मोकळे झालो, अशी आमची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे हे आम्हाला ठाऊक नाही असे नव्हे. ती सोयीची आहे, म्हणून टिकली आहे.

ज्या शिरूरमध्ये बसून आम्ही ही सोय सांभाळतो, त्याच शिरूरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड रिचर्ड विन्सर आणि त्यांच्या पत्नी मेरी विन्सर यांनी दीर्घकाळ काम केले. १८१३ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पोहोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ते मिशनरी. सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा याच ठाण्यावर उभी राहिली. ऐन उमेदीत आलेले हे जोडपे शिरूरमध्येच उतारवयाला लागले. १८९९-१९०० च्या दुष्काळात या मिशनच्या ठाण्यांवर अनाथ मुलांचा मोठा भार पडला, तेव्हा त्यांच्या सेवेची कित्येक वर्षे मागे पडली होती.

अशा जोडप्यांचा दिवस कसा जात असे? त्यात चमत्कार नव्हते. सकाळी प्रार्थना, मग शाळा, आजाऱ्यांना औषध, आल्यागेल्याची तक्रार ऐकणे, हिशेबाच्या वह्या आणि बोस्टनच्या मंडळाला पत्रे. थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन खेड्यापाड्यांतून फिरती. जेथे परक्या पुरुषाला शिरकाव नव्हता, तेथे मिशनरीची पत्नी बायकांमध्ये बसून वाचायला शिकवी. तरीही मंडळाच्या जुन्या अहवालांत या पत्नींची नोंद ‘साहाय्यक मिशनरी’ अशी होत असे! निम्मा भार वाहणारीला साहाय्यक म्हणण्याची खोड केवळ आमच्याच घरांत आहे असे नाही.

कोणी म्हणेल, ते प्रॉटेस्टंट होते; त्यांचे गोडवे कॅथलिक अंकात कशाला? आम्ही गोडवे गात नाही. त्यांचा बंगला आणि दलितवस्ती यांत अंतर होते, त्यांच्या पाठीशी परदेशी पैसा होता आणि परकीय राजवटीची सावलीही होती. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपल्या मुलांना शिक्षणासाठी मायदेशी पाठवून, वर्षानुवर्षे त्यांचे तोंड न पाहता, अनेक मिशनरी जोडपी परमुलखात राहिली. आज आमची मुले ऑस्ट्रेलियात, कॅनडात, आखाती देशांत आहेत आणि आम्ही मायदेशी आहोत. ताटातूट तीच आहे. त्यांनी ती सेवेसाठी पत्करली. आम्ही ती फोनची वाट पाहण्यात खर्च करतो.

शिवाय जोडप्याने मिशन चालवणे ही काही उसनी कल्पना नव्हे. पंतातला अक्विल्ला आणि त्याची पत्नी प्रिस्किल्ला यांना रोम सोडावे लागले. करिंथात राहुट्या करण्याच्या धंद्यावर पोट भरीत त्यांनी पौलाला घरात ठेवून घेतले. पुढे इफिसात विद्वान अपुल्लोसाला बाजूला घेऊन त्यांनी मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्यांच्या घरी ख्रिस्तसभा भरत असे. ना दीक्षा, ना झगा; एक घर, एक धंदा आणि उघडा दरवाजा.

इतके दूर तरी कशाला जावे? नगर जिल्ह्यातील आमच्या कॅथलिक मिशनचा कणा होते ते आमचे मास्तर. फादर घोड्यावरून किंवा टांग्यातून कधीमधी येत. एरवी गावात राहत ते मास्तर आणि त्यांची पत्नी. मुलांना अक्षरे शिकवायची, प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, रविवारी लोकांना एकत्र आणायचे, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचे. पहिल्या महायुद्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना स्थानबद्ध करून मायदेशी धाडण्यात आले, तेव्हा गावोगावची श्रद्धा तगली ती अशाच घरांच्या आधाराने. आमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना क्रूसाची खूण करायला शिकवली ती मास्तरांनी. त्या मास्तरांचे नातू आम्ही, आज ‘हे फादर-सिस्टरांचे काम’ असे म्हणतो!

ख्रिस्तसभा मात्र तसे म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आज्ञापत्र काढले. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवापदाला रीतसर मान्यता दिली, आणि त्याच वर्षापासून जुलैतील चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिवस झाला. आमच्या धर्मग्रामांत त्या दिवशी काय होते? फार तर आम्हाला पुढच्या बाकावर बसवून हाती एक गुलाब दिला जातो. गुलाबाबद्दल आभार, पण आम्हाला काम हवे आहे. की खरोखर हवे आहे? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला पाहिजे.

अमेरिकेतील मॉर्मन पंथाची निवृत्त जोडपी स्वखर्चाने परदेशी जातात, काही महिन्यांपासून सुमारे दोन वर्षांपर्यंत. त्यांची शिकवण आम्हाला मान्य नाही, पण त्यांची तयारी आम्हाला लाजवणारी आहे. आम्हाला तर पासपोर्टचीही गरज नाही. परदेशच आमच्या दारी आला आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत झारखंड, ओडिशा, बिहारकडून आलेली तरुण मुले पत्र्याच्या खोल्यांत दाटीने राहतात. उसाच्या हंगामात तोडणी कामगारांची खोपटी पडतात, आणि त्यांच्या मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. यांतली किती कुटुंबे आमच्याच श्रद्धेची आहेत, याची आम्ही कधी चौकशी तरी केली आहे काय?

गुडघे दुखतात, हे खरे. पण आजाऱ्याजवळ बसायला गुडघे लागत नाहीत. फादर अधिकार देत नाहीत, हेही काही ठिकाणी खरे. तेथे आम्ही तो नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा मागितला पाहिजे. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने इच्छुक निवृत्त जोडप्यांना वर्षभरासाठी एकेक वस्ती नेमून द्यावी, थोडे शिक्षण आणि प्रवासखर्च द्यावा, आणि अहवालात पतीबरोबर पत्नीचेही नाव लिहावे, ‘साहाय्यक’ म्हणून नव्हे.

विन्सर दांपत्य हजारो मैलांवरून शिरूरला आले. रांजणगाव आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. येत्या मिशन रविवारी पाकीट अवश्य द्यावे. पण त्यानंतरच्या सोमवारी आम्ही दोघे कोठे असू, याचे उत्तर मात्र पाकिटात घालून देता येणार नाही.